समासातलं प्रश्नचिन्ह

आजीला आकडे वाचता येत नाहीत, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना विनोद. अक्षरांच्या बाबतीत ती वाघीण. आमच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून ठेवलेले असले की उलट्या अक्षरांवरून बोट फिरवत चूक धरायची आणि बाबांना लाजवायची. पण आकडा आला की कागद दुसऱ्याच्या हातात. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, दवाखान्यातलं टोकन, बसचा नंबर. "टिंबे, आकडा वाच गं," एवढं म्हणायचं आणि दुसरीकडे बघायचं.

टिंब म्हणजे मी. जन्मले तेव्हा खिळ्यांच्या पेटीतल्या टिंबाएवढी होते म्हणे, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. आता सोळा वर्षांची आहे आणि त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण नाव काही वाढलं नाही.

एकदा मी गंमत म्हणून चौतीस नंबरच्या बसला त्रेचाळीस म्हटलं. आजीने आपली बस सोडून दिली आणि पाऊण तास थांब्यावर उभी राहिली. जेवताना मी हे रंगवून सांगितलं. काका हसून हसून लाल झाला, आजी स्वतःही हसली. आजोबा तेवढे ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. मला वाटलं, पोट भरलं असेल.

तर त्या रविवारी दुपारी आजोबांनी तिन्ही मुलांना खाली छापखान्यात बोलावून घेतलं. मशीन बंद, शटर अर्धं खाली. थोरला काका प्रचार अर्धवट टाकून आला होता, नगरपालिकेच्या निवडणुकीला नऊ दिवस राहिले होते आणि शर्टाच्या खिशाला त्याच्याच फोटोचा बिल्ला होता. आत्या शाळेच्या वह्या तपासायला घेऊन आली होती, कारण आमच्या घरच्या बैठका किती लांबतात ते तिला ठाऊक. ती माझ्याच शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे मी घरीसुद्धा तिच्यासमोर जरा सरळ बसते. बाबा मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभे होते. त्या खोलीत शेजारच्या वॉर्डाच्या मतपत्रिका सील करून ठेवल्या होत्या. काकाच्या वॉर्डाच्या मतपत्रिका नियमाप्रमाणे दुसरीकडे गेल्या होत्या, भावाने भावाचं नाव छापायचं नसतं.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच राहिले.

आजोबा त्यांच्या उंच स्टुलावर बसले होते. मांडीवर लोखंडी कपाटातली एक फाइल.

त्या कपाटाबद्दल आधी सांगायला हवं. आमच्याकडे जे छापलं जातं त्याची एक प्रत कपाटात जाते आणि तिला जोडून गिऱ्हाइकाने दिलेला मूळ कागद. हा पणजोबांचा नियम. कपाटाला तीन खण आहेत. वरच्यात राजेसाहेबांचा काळ आहे. वेलबुट्टीची चौकट, 'आमच्या लाडक्या प्रजेस' अशी सुरुवात, आणि मुद्द्यावर येईपर्यंत पान संपतं. मधल्यात जनरलची एकोणीस वर्षं. एक ओळ, सगळ्यात मोठे खिळे, विशेषण औषधालासुद्धा नाही. खालच्या खणात निवडून आलेली सरकारं. तिथे इतकी पोटकलमं की स्वल्पविरामाचे खिळे संपले म्हणून काम थांबलं होतं एकदा.

आणि पणजोबांचा दुसरा नियम असा, की मूळ कागदात शंका आली तर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि कागद वर पाठवायचा. उत्तर येईपर्यंत मशीन चालवायचं नाही. मग गिऱ्हाईक कुणी का असेना. राजेसाहेबांच्या वाढदिवसाच्या जाहीरनाम्यात बाजार बंदचा वार चुकला होता, तेव्हा पणजोबांनी प्रश्नचिन्ह काढलं. दरबारचा कारकून ओरडत आला आणि दुरुस्त करून गेला. दुसऱ्यांदा काढलं त्या दिवशी राजेसाहेबांची दाढ दुखत होती. पणजोबा तेरा दिवस कोठडीत. राजाचं राज्य दाढेवर चालतं, असं आत्या वर्गात सांगते आणि मुलं हसतात. आता निवडून आलेल्यांच्या राज्यात प्रश्नचिन्हांना तोटा नाही. पूल बंद ठेवायच्या एका सूचनेवर पाच समित्यांनी मिळून चौदा काढली. सूचना छापून झाली तोवर पुलाचा मधला भाग नदीत जाऊन दोन महिने झाले होते.

मधल्या खणातल्या कागदांवर मात्र एकही प्रश्नचिन्ह नाही. मी लहानपणी समजायचे की जनरलच्या लोकांना शुद्ध लिहिता येत होतं.

"उद्या शेवटचा दिवस आहे," आजोबा म्हणाले. "मी समितीपुढे जाणार आहे. तुम्हाला आधी सांगतो."

कुठली समिती ते सगळ्यांना माहीत होतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी, जनरल आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, गिरणीच्या चौकात संध्याकाळी सात वाजता गोळीबार झाला. अकरा माणसं गेली. संचारबंदी सहाला सुरू झाली होती आणि ती माणसं सातला रस्त्यावर होती. आत्याच्या पाठ्यपुस्तकात एवढीच ओळ आहे, 'संचारबंदी मोडणाऱ्या अकरा जणांवर गोळीबार करावा लागला.' जनरल गेल्यावर पुस्तक बदललं आणि 'गोळीबार करावा लागला'च्या जागी 'गोळीबार झाला' आलं. 'मोडणाऱ्या' तसंच राहिलं. आत्या दर वर्षी ती ओळ वाचून पान उलटते. या अकरांपैकी एक तिचा मामा.

म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. माझे मामाआजोबा. फोटोत ते एकोणीस वर्षांचे आहेत आणि तिथेच थांबले आहेत. दर वाढदिवसाला मी त्यांच्या जवळ जवळ जाते. आता तीनच वर्षं उरली आहेत.

ते का बाहेर पडले होते, हेही घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. काका तेव्हा चार वर्षांचा होता आणि तापाने फणफणला होता. आजीने कोपऱ्यावरच्या भिंतीवरची नोटीस वाचली. आठपासून बंदी, असं तिला दिसलं. भावाने विचारलं, जाऊ का औषध आणायला? ती म्हणाली, जा, आठपर्यंत वेळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर सहा होते. तेव्हापासून आजी आकडा वाचत नाही.

बाकीच्या दहा घरांतली माणसं म्हणत राहिली की नोटिशीवर आठच होते. त्यांनीच अर्ज करून करून ही समिती नेमायला लावली. अर्जावर सही मागायला ते तीनदा आजीकडे आले. तिन्ही वेळा तिने त्यांना चहा दिला आणि सही दिली नाही. खोटं कसं लिहू, मी स्वतः वाचायला चुकले, म्हणाली.

आजोबांनी फाइल उघडली आणि एक पिवळा पडलेला कागद खिळे जुळवायच्या टेबलावर ठेवला. आमच्याच छापखान्याची खूण तळाला. मोठाले काळे खिळे.

आकडा आठ होता.

 मग काकाने कागद उचलला, उलटा करून पाहिला, जणू मागे खुलासा छापलेला असेल.

आजोबांनी सगळं सांगितलं, सांगितलं म्हणजे कागद पुढे करत गेले. एका कॅप्टनने दोन हुकूम आणले होते. एक भिंतीवर लावायचा, त्यात आठ. दुसरा सैनिकांना वाटायची चिठ्ठी, त्यात सहा. दोन्ही आजोबांनी एकाच टेबलावर जुळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन परत आला, त्याने भिंतीवरच्या सगळ्या नोटिसा काढून आणून अंगणात जाळल्या आणि आजोबांनी आठ काढून तिथे सहा बसवला. बाकी मजकूर तोच. एका खिळ्याचं काम.

"तुम्हाला कुठला बरोबर ते माहीत नव्हतं ना पण," काका म्हणाला.

"नव्हतं. म्हणूनच विचारायचं होतं."

"मग विचारलं नाहीत?"

आजोबांनी नोटिशीला जोडलेला मूळ हुकूम खिडकीच्या उजेडात तिरका धरला. समासात काहीच नव्हतं. मग हळूहळू दिसलं. कागदात दबलेली एक वळलेली रेघ आणि खाली टिंब.

"काढलं होतं. कॅप्टन बाहेर सिगरेट ओढत होता. तो आत यायच्या आधी मी रबराने खोडलं."

"त्याने खोडायला लावलं असेल," आत्या म्हणाली. तिला तसं असायला हवं होतं.

"नाही गं. त्याने पाहिलंच नाही. कुणीच काही म्हणालं नव्हतं मला."

आत्याने हातातली वही मिटली. नंतर तिने मला सांगितलं की त्या क्षणी तिला पंचवीस वर्षं शिकवलेला धडा पहिल्यांदा कळला. ती फळ्यावर तीन रकाने आखायची, राजेशाही, लष्करशाही, लोकशाही, आणि मधल्या रकान्यात लिहायची, 'बोलण्यास मनाई.' मनाई करायला कुणी आलंच नव्हतं.

काका सगळ्यात आधी सावरला. त्याला सभांची सवय आहे. तो म्हणाला की अण्णांनी, म्हणजे आजोबांनी, चूक केलीच नाही, हुकूम आला तो छापला, टाइपरायटरला कुणी फाशी देतं का? आणि ही समिती सेहेचाळीस वर्षांनी काय दिवे लावणार आहे? अहवाल येईल, त्यावर दुसरी समिती बसेल. उलट उद्या पेपरात येईल की उमेदवाराच्या बापाने जनरलचा हुकूम छापला. नऊ दिवस थांबा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

"उद्या शेवटचा दिवस आहे, दादा," आत्या म्हणाली. "समितीचं कॅलेंडर तुझ्या प्रचारावर चालत नाही."

"तुला बोलायला काय जातं. तुझ्या शाळेत जाऊन कुणी मत मागायचं नाहीये."

बाबांनी काकाची बाजू घेतली. का, ते मला त्यांच्या पाठीवरून कळलं. ती अजून मतपत्रिकांच्या दाराला टेकलेली होती. आठ नावं, सगळी एकाच मापाच्या अक्षरांत, एकाच जाडीच्या रेघांत. ते काम मिळालं म्हणून बाबा महिनाभर शीळ घालत होते. ज्या छापखान्याने तो हुकूम छापला त्याच्याकडे मतपत्रिका देणार कोण?

मग काका म्हणाला, आपण मत घेऊ. पणजोबांच्या काळी या घरात त्यांचा शब्द शेवटचा होता, नंतर अण्णांचं मौन शेवटचं होतं, आता काळ बदललाय, जाऊ नये म्हणणाऱ्यांनी हात वर करा. त्याने स्वतःचा केला. बाबांनी केला, कोपरापर्यंतच. आत्याने विरोधात केला. आजोबांनी हात मांडीवरच ठेवला.

"दोन विरुद्ध एक," काका म्हणाला. "झालं."

मी म्हटलं, माझं मत?

"तुझं अठरा पूर्ण झाल्यावर."

"आणि आजीचं?"

हे मी काही मोठं शहाणपण म्हणून विचारलं नव्हतं. मोजणी चुकली होती, एवढंच. पण बाबांचा हात खाली आला आणि ते दारापासून बाजूला झाले.

"टिंब बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "दादा, मी माझं मत काढून घेतो. आईला विचारल्याशिवाय नाही."

काका त्यांच्याकडे बघत राहिला. तू पण का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग त्याने खिशावरचा बिल्ला उगाचच सरळ केला. त्याच्या मनात तेव्हा निवडणूक नव्हतीच. हे त्याने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्याला त्या तापातलं एकच आठवतं. कुणीतरी म्हणतंय, मामा औषध घेऊन येतोय, तोंड उघडं ठेव, आणि तो तोंड उघडं ठेवून झोपला. आईला विचारायचं म्हणजे ते पुन्हा आणायचं. त्याला ते नऊ दिवसांनीच काय, कधीच नको होतं.

आजोबांनी मला वर पाठवलं.

आजी पडदा शिवत होती. खाली बोलावलंय म्हटल्यावर म्हणाली, भांडणं झाली असतील तर मिटल्यावर येते. मी म्हटलं, चल ना. ती चष्मा पुसत जिना उतरली. एकेकाचा चेहरा पाहिला आणि मग टेबलावरचा कागद.

"कसला आहे?"

"वाच," आजोबा म्हणाले.

तिने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने कागद माझ्याकडे सरकवला आणि शटरकडे बघितलं.

"टिंबे, आकडा वाच गं."

मी कुणाकडे तरी पाहायला हवं होतं, पण पाहिलं नाही.

"आठ."

"नीट वाच."

"आठच आहे, आजी."

तिने कागद परत घेतला. चष्मा वर केला आणि कागद नाकापाशी नेला. कितीतरी वेळ तिचं बोट त्या आकड्यावरून फिरत होतं, उलट्या खिळ्यांवरून फिरायचं तसं. तळाची आमची खूण तिने पाहिली.

"म्हणजे मला बरोबर दिसत होतं," ती म्हणाली.

आजोबांनी बोलायला सुरुवात केली, दोन हुकूम, कॅप्टन, रबर. तिने ऐकून घेतलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. त्या सकाळी. काल भिंतीवर किती होते हो, म्हणून. तुम्ही म्हणालात, सहाच."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानेसुद्धा खाली बघितलं.

"तू रस्त्यावर जाऊन ओरडली असतीस," आजोबा म्हणाले. "तुला घेऊन गेले असते. हा चार वर्षांचा होता."

"असते. आणि जनरल गेल्यावर?"

 बाहेर रस्त्यावरून काकाच्याच पक्षाची गाडी भोंगा वाजवत गेली, तुमचं मत, तुमचा हक्क, आणि ती वळणाआड जाईपर्यंत सगळे थांबले.

"नंतर सवय झाली होती," आजोबा म्हणाले. "तू आकडा विचारायचीस, मी सांगायचो."

"मी माणसांना विचारत फिरले सेहेचाळीस वर्षं. ही कुठली बस, ती कुठली तारीख. सगळे हसायचे. तुम्ही शेजारी उभे असायचात."

मला त्रेचाळीस नंबरची बस आठवली.  त्या विनोदावर सगळ्यात मोठ्याने मीच हसले होते.

आजोबांनी खिशातली पेन्सिल काढली आणि मूळ हुकूम पुढे ओढला. दबलेल्या त्या रेघेवर त्यांनी टोक धरलं.  आत्याने त्यांचं मनगट धरलं.

"अण्णा, आता नाही. आता पुरावा आहे तो. त्यावर काही काढायचं नाही."

पेन्सिल तशीच कागदावर अधांतरी राहिली. मग त्यांनी ती कानावर खोचली.

"आई, जायचं का नाही ते तू सांग," बाबा म्हणाले. काकाने मान वर केली.  त्याने शर्टावरचा बिल्ला काढून खिशात टाकला.

आजी म्हणाली, "ते जाणारच आहेत. मी पण जाईन. त्या दहा घरांतल्यांना मी तीनदा परत पाठवलंय." आणि कागद हातात घेऊन ती जिना चढून गेली. तो फाइलमध्ये परत ठेवायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही थांब्यावर उभे होतो. मी शाळा बुडवली होती, आत्याच्या परवानगीने, हे इतिहासात नोंद करण्यासारखं आहे. आजी माझ्या डाव्या बाजूला, फाइल छातीशी. आजोबा उजवीकडे, एका माणसाची जागा सोडून. रोज ते तिच्या शेजारी उभे राहतात. आज कुठे उभं राहायचं ते त्यांना कळत नव्हतं. समितीचं कार्यालय पाचपर्यंत उघडं होतं.

बस आली. मी तोंड उघडलं, आणि आजीने माझा दंड धरला.

तिने मान वर केली. काचेवरचा नंबर ती बघत राहिली. एकेक आकडा, आधी पहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. दार उघडलं, माणसं चढली, कंडक्टरने आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या. आजोबांचा हात अर्धा पुढे झाला आणि मागे गेला. मी जीभ दातांत धरून ठेवली.

"चौतीस," आजी म्हणाली.

बस तेव्हा सुटलेली होती. चौतीसच होती, आमचीच. धूर सोडत चौकापर्यंत गेली आणि डावीकडे वळली.

"पुढची येईल पाऊण तासात," आजोबा हळूच म्हणाले. "मी सांगतो आल्यावर."

"नको," आजी म्हणाली, रस्त्याकडे बघत. "तुम्ही नका सांगू."